मासोळीच्या वाट्याचं पाणी

आमच्या गोंदिया जिल्ह्यात सरकारी कागदावर 'मामा तलाव' असं लिहिलेलं असते. बाहेरचा माणूस वाचतो अन् हसतो. माजी मालगुजारी तलाव, त्याचं हे आखूड नाव. पण गावातल्या म्हाताऱ्यांना ते नाव पटलं. मामा भाच्यांचे लाड पुरवतो, तसा तलाव गावाचं पुरवतो. धान पिकवतो, ढोरं पाजतो, विहिरींना झरे देतो, मासोळी देतो, शिंगाडे देतो. फक्त मामाच्या घरी कोणता भाचा कोणत्या हक्कानं जेवतो, हे सगळ्यांचं सारखं लिहून ठेवलं नाही. धानवाल्याचा हक्क लिहिला गेला. मासोळीचा, पाखराचा अन् मासोळी धरून जगणाऱ्या ढिवराचा राहून गेला. त्या राहून गेलेल्या नोंदीची ही हकिगत आहे.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला धान पिकवणारा शेतकरी. शिक्षण दहावी. माझा आजा गावात तलावाचं पाणी वाटायचं काम करायचा, म्हणून तलाव मला घरचाच वाटतो. कागद वाचायची सवय मात्र तलावाच्या भांडणानं लागली.

आधी तलाव कोणी बांधले ते सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर अन् गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांवर तलाव आहेत. 1999 च्या 1 मे रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याआधी आम्ही भंडाऱ्यातच होतो, अन् भंडाऱ्याची ओळखच तलावांचा जिल्हा अशी. चांद्याच्या गोंड राजांच्या काळात हे काम वाढलं. जो जंगल तोडून जमीन काढील त्याला जमीन, अन् जो तलाव बांधील त्याला त्या तलावानं भिजेल तेवढी जमीन, असा गोंड राजांचा कायदा होता, असं जुने लोक सांगतात अन् इंग्रजांच्या बंदोबस्ताच्या कागदांतही त्याचा उल्लेख आहे. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हात धरणारा कोणी नव्हता. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यानं बांधला, असं सगळा मुलूख मानतो. डोंगरांच्या मधली वाट पाळ घालून अडवायची अन् पावसाचं पाणी पोटात धरायचं. मोजायची यंत्रं नव्हती. पावसाळ्यात पाणी कोठून येते, कोठं थांबते, हे डोळ्यांनी पाहून पाळ घातली जायची.

तलावाची तीन अंगं. पाळ, तुडूम अन् सलंग. पाळ म्हणजे मातीचा बांध. सलंग म्हणजे जास्तीचं पाणी वाहून जायची वाट. तुडूम म्हणजे शेताला पाणी सोडायची वाट. आमच्या तलावाचं जुनं तुडूम दगडी होतं. त्याला पायरीसारखी एकाखाली एक भोकं, अन् प्रत्येक भोकाला लाकडी खुंटी. पाणी उतरत जाईल तशी खालची खुंटी काढायची. आजा सांगायचा, "शेवटच्या भोकाच्या खाली जे पानी रायते, ते कोनाच्याच बांधीचं नाही." ते पाणी उन्हाळाभर तलावाच्या पोटात राहायचं. ढोरं त्यावर जगायची. मरळ, मांगूर त्या चिखलपाण्यात दम धरून राहायचे, अन् पहिल्या पावसाला नाल्यानं वर चढून उथळ पाण्यात, धानाच्या बांध्यांत अंडी घालायचे. कोणी त्याला हक्क म्हटलं नाही. दगडातलं भोक जेथं संपलं तेथं माणसाची हाव संपली, एवढंच. पण खरं पाहता, शेवटच्या भोकाखालचं पाणी हा मासोळीचा वाटा होता, अन् तो दगडात कोरलेला होता.

या वाट्याचा राखणदार ढिवर. तलावात जाळं टाकायचं, शिंगाडे लावायचे, कमळाचे कांदे काढायचे, हे त्यांचं. मालगुजाराला वाटा द्यायचा, गावाला मासोळी पुरवायची अन् पाळीला भगदाड पडलं की पहिली हाक त्यांना. पाण्यात उतरायची हिंमत त्यांचीच. बारीक मासोळी जाळ्यात आली तर सोडायची, अंडी घालायच्या दिवसांत नाल्याच्या तोंडाला जाळं लावायचं नाही, असे त्यांचे नेम होते. तलाव उथळ काठाला गवतानं भरलेला असायचा. देवधान उगवायचं. त्यात सारसाची जोडी घरटं करायची. सारस दोन अंडी घालतो अन् घरट्याभोवती पाणी लागते, म्हणजे कोल्हा, कुत्रा जाऊ शकत नाही. हिवाळ्यात बदकं उतरायची. हे सगळं पाण्याच्या एका उंचीवर टिकून होतं.

आता कागदाकडं येतो. मध्य प्रांत 1861 ला झाला. त्यानंतरच्या बंदोबस्तात इंग्रजांनी मालगुजारांना गावाची मालकी दिली. तलावही त्यांचे झाले. तरी गावाचा निस्तार चालूच राहिला. निस्तार म्हणजे सरपण, चराई, पाणी, माती, अशा रोजच्या गरजा भागवायचा गावाचा हक्क. गावची वहिवाट ज्यात लिहितात त्या कागदाला वाजिब-उल-अर्ज म्हणतात. नाव फारशी आहे, पण आमच्याकडं म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी ते अजून सापडते.

स्वातंत्र्यानंतर मालगुजारी गेली. आम्ही तेव्हा मध्य प्रदेशात होतो. 1950 चा मालकी हक्क संपवण्याचा कायदा झाला अन् 1951 ला तो अमलात आला. मालगुजाराच्या जाचातून कूळ सुटलं, ते चांगलंच झालं. पण तलावाबद्दल त्या कायद्यानं काय विचारलं ते पाहण्यासारखं आहे. गावठाणाच्या अन् वहितीच्या बाहेरच्या तलावावर मालगुजाराशिवाय दुसऱ्या कोणाचा ओलिताचा हक्क आहे काय? नसेल तर तलाव मालगुजाराकडं राहिला. असेल तर सरकारजमा. मासे कोण धरतो, शिंगाडे कोण लावतो, यावरून तलावाची मालकी ठरली नाही. तलावाची किंमत म्हणजे तलावानं भिजणारी बांधी, असंच धरलं गेलं. ढिवर पाळीवर उभा होता अन् मोजणी त्याच्या पायाखालून निघून गेली.

हे एकट्या आमच्याकडंच झालं असं नाही. ओरिसातल्या चिलिका सरोवराची गोष्ट आहे. तेथल्या काही मच्छीमारांनी राजाला पैसे देऊन सरोवराच्या काही भागात पुढच्या वर्षांची मासेमारी घेतली होती. तेवढ्यात जमीनदारी संपली अन् सरोवर सरकारकडं गेलं. सरकारनं तो करार मानला नाही. मच्छीमार सुप्रीम कोर्टात गेले. 1955 ला निकाल लागला. कोर्ट म्हणालं, दुसऱ्याच्या पाण्यातून मासे धरायचा हक्क हा जमिनीसारखाच स्थावर हक्क आहे, तो नोंदणीच्या लेखी कागदाशिवाय मिळत नाही. या मच्छीमारांचा करार तोंडी होता. ते हरले. हा निकाल मला एका वकिलानं समजावून सांगितला तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो. हक्क जमिनीएवढा मोठा ठरला, अन् त्याच मोठेपणापायी तोंडी वहिवाटवाला बाहेर पडला.

1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, 1960 ला महाराष्ट्र झाला. 1966 ला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आली. तिच्या कलम 165 मध्ये वाजिब-उल-अर्ज आहे. ओलिताची वहिवाट अन् मासेमारीची वहिवाट, दोन्ही लिहा असं त्यात स्पष्ट आहे. मासेमारी हा शब्द पाहून मला आनंद झाला होता. पण पुढं वाचलं तर अट अशी की जे पाणी सरकारचं किंवा स्थानिक संस्थेचं नाही, त्याचीच वहिवाट यात लिहायची. आमचे बहुतेक तलाव तर सरकारकडं अन् पुढं जिल्हा परिषदेकडं गेलेले. म्हणजे ढिवर जेथं मासे धरतो नेमकं तेच पाणी या कलमाच्या बाहेर राहिलं.

धानवाल्यांचंही सगळं सुरळीत झालं असं नाही. निस्ताराच्या पाण्यावर पट्टी लावायची गोष्ट निघाली, लोकांनी विरोध केला, वाद कोर्टात गेला. जुन्या हक्कदारांचं पाणी बिनपट्टीचं राहिलं. हक्क शाबूत राहिला पण एक गोम झाली. पट्टी नाही तर दुरुस्तीला पैसा नाही, असं सरकार म्हणू लागलं. अन् तलाव आता सरकारचा, मग पाळीवर माती आम्ही काहून टाकायची, असं गाव म्हणू लागलं. मालगुजाराच्या काळात गावानं वर्षातून एकदा पाळीवर माती टाकायची पद्धत होती, ती मोडली. हक्क कागदावर राहिला, काम कोणाच्याच नावावर राहिलं नाही.

मासेमारीचं काय झालं? तलाव लिलावावर, ठेक्यावर गेले. ढिवरांनी सहकारी संस्था काढल्या. ठेका भरायचा तर लवकर वाढणारी, वजनाची मासोळी पाहिजे. मग कतला, रोहू, मृगळ यांचं बी आणून सोडायचं. या मासोळ्या वाहत्या नदीतल्या, तलावाच्या उभ्या पाण्यात त्या आपसूक पिल्लं देत नाहीत. दरसाल बी विकत घ्या. पुढं गवत्या कार्प आला, तो पाण्यातलं गवत खातो. सायप्रिनस आला, तो तळाचा गाळ उकरतो अन् पाणी गढूळ करतो. गवत गेलं तशी आमची मरळ, बोटरी, शिंगी कमी झाली. पाण्याच्या कडेनं बेशरम पसरली. तिला कोणतं जनावर खात नाही, कोणतं पाखरू तिच्यात सुखानं राहत नाही. गाळ काढायच्या योजना आल्या, त्या गरजेच्याच होत्या. पण मशीन एकसारखं खोल खोदते. काठचा उतार गेला की उथळ पाणी जाते, अन् उथळ पाणी गेलं की अंडी घालायची जागा जाते.

सगळ्यात मोठी गोष्ट झाली ती मोटारीची. जुनं तुडूम शेवटच्या भोकापाशी थांबत होतं. मोटारीला शेवटचं भोक नसते. उन्हाळी धान लावायची चाल आली अन् फेब्रुवारी-मार्चमध्ये तलावाच्या पोटात पाइप पडू लागले. आमच्या गावात एका साली तलाव तळापर्यंत उपसला गेला. चिखलात मासोळी तडफडत होती अन् बगळ्यांची जत्रा भरली होती. ढोरांना पाण्यासाठी दोन कोस नेलं. त्या साली ठेक्याचे पैसे ढिवरांच्या संस्थेच्या डोक्यावर बसले. मोटारी टाकणाऱ्यांत माझा सख्खा चुलतभाऊ होता. तो म्हणाला, "माझ्या सातबाऱ्यावर ओलिताची नोंद आहे. मासोळीची नोंद दाखव." त्याच्या पोरीचं लग्न होतं, उन्हाळी धानाशिवाय त्याला मार्ग नव्हता, हेही मला ठाऊक होतं. ढिवरांतला एक बुढा हात जोडून ग्रामसभेत उभा राहिला. म्हणाला, "पानी तुमचंच आहे जी. पन आमची मासोळी जाईन कोठं?" कोणाजवळ उत्तर नव्हतं. एका कार्यालयात आम्ही अर्ज घेऊन गेलो तर तेथल्या साहेबांनी विचारलं, "मासेमारांचा हक्क ठेका संपेपर्यंत. त्याच्या पुढचं काय मागता?"

त्याच सुमाराला मी आमच्या तालुक्यातलं दुसरं काम पाहत होतो. मनीष राजनकर अन् त्यांची भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था अर्जुनी मोरगाव भागात ढिवरांसोबत तलावावर काम करते. त्यांनी नवीन काही शोधलं नाही, ढिवरांना जे ठाऊक होतं तेच विचारलं. कोणती मासोळी कोणत्या गवतात अंडी घालते, कोणतं गवत कोणत्या खोलीवर उगवते, कोणता पक्षी त्यावर येतो. मग बेशरम उपटली, उन्हाळ्यात तलावाचं कोरडं पोट नांगरलं अन् त्यात जुन्या पाणवनस्पती लावल्या, जशी आपण बांधीत रोवणी करतो तशीच. गवत आलं, मागोमाग गावरान मासोळी आली, पाखरं आली. बायांचे गटही या कामात पुढं आहेत. मारुती चितमपल्ली वन अधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले अन् पक्ष्यांच्या, मासोळ्यांच्या गोष्टी इथल्या माणसांकडून ऐकून त्यांनी लिहिल्या. त्या शहाणपणाचा तलावासाठी असा उपयोग झालेला पाहून बरं वाटलं.

पण लावलेलं गवत टिकायला मार्चनंतर पाणी पाहिजे. म्हणजे गाडी पुन्हा हक्कापाशीच येते.

सारसाचं पाहा. महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः आमच्या गोंदियात, वैनगंगा अन् बाघ नदीच्या काठच्या तलावांवर, धानाच्या बांध्यांत. गोंदियाची 'सेवा' ही संस्था गावकऱ्यांना घेऊन घरटी राखते, दरसाल मोजणी होते. तरी आकडा चाळीसच्या आत आला आहे. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, अधिकाऱ्यांना जाब विचारला. पक्षी मारणाऱ्याला शिक्षा आहे. विजेच्या तारेनं मेला तर चौकशी आहे. पण घरट्याखालचं पाणी उपसलं तर तो गुन्हा कोणाचा? सारसाला संरक्षण दिलं अन् त्याच्या पायाखालच्या वीतभर पाण्याला दिलं नाही.

माझा एक पुतण्या पुण्याला शिकला. तो सांगत होता, अमेरिकेच्या पश्चिम भागात पाण्याचा कायदा असा होता की पाणी नदीतून बाहेर काढून वापरलं तरच हक्क मिळायचा. नदीत राहिलेलं पाणी म्हणजे बिनमालकीचं, वाया जाणारं. 1973 ला कोलोरॅडो राज्यानं कायदा बदलला. नदीत पाणी तसंच वाहू देणं हाही वापरच आहे, अन् तो हक्क राज्याच्या जलसंधारण मंडळाच्या नावानं लिहिता येतो. 1987 ला ओरेगॉन राज्यानंही तसंच केलं. मासोळी कचेरीत जाऊ शकत नाही, म्हणून तिच्या वतीनं हक्क धरणारा कोणी तरी कायद्यानं नेमला. मी त्याला म्हटलं, आमच्याकडं असा नेमलेला माणूस पिढ्यान् पिढ्या होता, त्याला ढिवर म्हणतात. फक्त त्याचं नाव कागदावर नव्हतं.

कागदावर यायची वाट 2006 च्या वनहक्क कायद्यानं उघडली. कलम 3(1)(घ) मध्ये मासे अन् पाणवठ्यातल्या इतर वस्तूंवरचा सामूहिक हक्क सरळ शब्दांत लिहिला आहे. कलम 5 मध्ये ग्रामसभेला वन्यजीव, पाणलोट अन् पाण्याचे साठे राखायचा अधिकार दिला आहे. म्हणजे मासोळी धरायचा हक्क अन् मासोळी राखायचं काम, दोन्ही एकाच कायद्यात आलं. पाळीवरच्या मातीसारखं काम बेवारस राहत नाही. ढिवर आदिवासींच्या यादीत नाहीत, म्हणून त्यांना इतर पारंपरिक वननिवासी म्हणून तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. कागद कोठून आणायचे? नियमांत दिलेल्या पुराव्यांत वडीलधाऱ्या माणसांचा लेखी घेतलेला जबाब धरलेला आहे. चिलिकाचे मच्छीमार तोंडी बोलीपायी हरले होते. इथं म्हाताऱ्याचं तोंडी सांगणंच लिहून घेतलं की पुरावा होतो. अर्थात हा कायदा जंगलाच्या हद्दीतल्या पाण्याला लागतो. गावाच्या मधोमध असलेल्या तलावाला त्याचा आधार मिळत नाही.

आमचा तलाव जंगलाला लागून आहे, पोटाचा काही भाग जंगलाच्या हद्दीत येतो. आम्ही जबाब लिहून घेतले. तीन म्हाताऱ्यांचे अन् दोन म्हाताऱ्यांच्या बायकांचे. मासोळ्यांची नावं सांगताना बायांना जास्त आठवत होती, कारण बाजारात टोपली घेऊन त्याच बसायच्या. दाव्यासोबत ग्रामसभेनं ठराव केला. जुन्या तुडुमाच्या शेवटच्या भोकाची उंची पाळीच्या दगडावर रंगवायची. पाणी त्या रेघेला आलं की मोटारी बंद. उन्हाळी धान लावायचं की नाही, ते दिवाळीनंतर पाणी पाहून गावानं ठरवायचं. पावसाळ्याच्या सुरुवातीला नाल्याच्या तोंडाशी जाळं नाही. गाळ काढायचा तर उथळ काठ सोडून.

चुलतभाऊ ठरावाच्या वेळी उठून गेला. दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं. पुढं त्यानं उन्हाळ्यात धानाऐवजी हरभरा अन् लाखोळी घेतली, कमी पाण्यात. धानाएवढा पैसा सुटत नाही, हे तो आजही ऐकवतो, अन् त्याचं खरं आहे. रेघ राखायची तर तिची किंमत एकट्या धानवाल्यानं मोजू नये, त्याचा विचार सरकारनं करावा, असं मलाही वाटते. पण दोन कोस ढोरं न्यायची पाळी पुन्हा आली नाही. मरळ पुन्हा मिळते. सारसाची जोडी चरायला येते, घरटं अजून केलं नाही.

आमचा दावा अजून वरच्या समितीकडं आहे. तोवर रेघ ग्रामसभेच्या शब्दावर उभी आहे. शब्द माणसं असेपर्यंत टिकतो, हे आम्ही 1951 ला पाहिलं आहे. म्हणून कागद पाहिजे.

शहरातून नवेगावबांधला, नागझिऱ्याला पाखरं पाहायला येणाऱ्यांना एक सांगणं आहे. दुर्बिणीतून बदक दिसलं की त्याच्या खालचं पाणी कोणाच्या नावावर आहे, तेही गावात विचारत जा. अन् माझ्यासारख्या धानवाल्याला सांगणं असं की आपला ओलिताचा हक्क खरा आहे, तो कोणी काढून घेत नाही. पण पाळ बांधणाऱ्यानं शेवटचं भोक तळाला पाडलं नव्हतं. त्याला तळापर्यंत दगड फोडता येत होता, तरी तो वरच थांबला. आपणही तेथेच थांबावं.